पाटी कंपनीची, भांडवल आपले

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हॉटेल म्हटले की चार बाकडी, एक भट्टी आणि काचेच्या कपाटातील भजी एवढे पुरते. मुक्कामाची सोय असेल त्याला आम्ही लॉज म्हणतो. ‘अमक्याने हॉटेल टाकले’ म्हणजे त्याने चहाचा धंदा सुरू केला, एवढाच अर्थ. अलीकडे मात्र या हॉटेल टाकण्याला एक नवा शब्द जोडला गेला आहे. तो शब्द म्हणजे फ्रँचायझी. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीत, मोबाईलवर, बसस्थानकाबाहेरच्या फलकावर मजकूर एकच असतो : नाव आमचे, जागा तुमची, महिन्याला अमुक इतके उत्पन्न, अनुभवाची गरज नाही.

आम्ही कचेरीत कारकून, शिक्षण बी.कॉम., आणि संध्याकाळी समाजाच्या कामात. त्यामुळे नोकरीतून निवृत्त होणारे बांधव, समृद्धी महामार्गात जमीन गेलेले शेतकरी, पुण्याहून परत आलेली तरुण मुले, असे अनेक जण हे कागद घेऊन आमच्याकडे येतात. “साहेब, जरा वाचून सांगा, यात काही खोड तर नाही ना?” असे विचारतात. कागद वाचण्यातच आमची हयात चालली आहे, तेव्हा हे काम आम्ही नाकारीत नाही. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याचे नाव मोल देऊन वापरायचे आणि धंदा आपल्या पैशाने करायचा. सुरुवातीला एकदाच प्रवेशाची रक्कम भरायची. मग दरमहा विक्रीवर ठराविक टक्के रॉयल्टी, जाहिरातीसाठी आणखी काही टक्के. टेबल-खुर्च्यांपासून भिंतीच्या रंगापर्यंत सारे कंपनी सांगेल तसे. मसाला, चहापत्ती, कागदी कप कंपनीकडूनच घ्यायचे. यात फसवणूकच असते असे आम्ही म्हणत नाही. नावाला किंमत असतेच. परगावचा प्रवासी अनोळखी गावात उतरला की ओळखीची पाटी शोधतो, कारण तेथे काय मिळेल आणि किती पैसे पडतील हे त्याला ठाऊक असते. पुण्याच्या ‘अमृततुल्य’ चहाच्या पाट्या आता तालुक्याच्या गावांत दिसतात त्या याच कारणाने.

परंतु आमच्या समाजाच्या बाबतीत हा नावाचा प्रश्न आणखी एका अंगाने येतो, आणि जाहिरातीत तो कोठेही लिहिलेला नसतो.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकीकत पुष्कळ वाचकांना माहीत असेल. ते छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगून मदत दिली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले, त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः लव्याजम्यासह तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. आपण ती महाराजांचा मोठेपणा म्हणून सांगतो, आणि तो होताच. आम्हा हिशेब करणाऱ्यांना मात्र त्यात दुसरेही काही दिसते. महाराजांनी आपली पत त्या हॉटेलामागे उभी केली, पण पाटी गंगारामांचीच ठेवली आणि विक्रीवर टक्केही मागितले नाहीत. राजा असून रॉयल्टी घेतली नाही, असे आम्ही गमतीने म्हणतो.

दुसरी हकीकत बाबासाहेबांची. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव नोंदवून दिवसाला दीड रुपया देऊन मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या माणसाची ही गत झाली. पुढे त्यांच्याच हातून घडलेल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेशाला जातीच्या कारणाने मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले.

आता गिऱ्हाईक म्हणून आत जाण्याचा हक्क आम्हांला घटनेने दिला. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हातचे खा, अशी सक्ती कोणतेही कलम कोणावर करू शकत नाही. एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीच्या बांधवाने खानावळ काढली. गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटो लावला. पहिला महिना गर्दी होती, मग काही ठराविक गिऱ्हाईक येईनासे झाले. कोणी भांडले नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसते समोरच्या खानावळीत जाऊ लागले. त्याची तक्रार कोणत्या ठाण्यात नोंदवायची? त्या बांधवाने फोटो काढला नाही. खानावळ अजून चालू आहे, पण आपल्याच वस्तीवर, बेताबेताने.

म्हणून आमच्या भाच्याने जेव्हा सांगितले, “मामा, पाटीवर कंपनीचं नाव असलं की आडनाव कोणी विचारत नाही,” तेव्हा आम्ही त्याला हसलो नाही. तो पुण्यात आठ वर्षे हॉटेलांत राबलेला. टेबल पुसण्यापासून ऑर्डर घेण्यापर्यंत सारे केलेला. मेहकरला परत आला तो एका नाश्त्याच्या हॉटेलच्या फ्रँचायझीचा कागद घेऊन. भाऊजी एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे आणि उपदानाचे मिळून आठ लाख घालायचे आणि पंधरा लाख बँकेचे काढायचे, असा बेत. कागदावर दरमहा तीन लाखांची विक्री दाखवलेली होती. आम्ही वही काढली आणि त्याच्यासमोर हिशेब मांडला.

विक्री तीन लाख धरली. कच्चा माल चाळीस टक्के, म्हणजे १,२०,०००. नोकरांचे पगार ६०,०००. भाडे ३०,०००. वीज आणि गॅस २५,०००. रॉयल्टी सहा टक्के आणि जाहिरात दोन टक्के मिळून २४,०००. उरले ४१,०००. पंधरा लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २५,७००. हातात पडले १५,३००. यात भाच्याचा स्वतःचा पगार नाही आणि भाऊजींच्या आठ लाखांवरचे व्याजही नाही.

आता पाच गिऱ्हाइकांतील एक कमी झाले असे धरा. विक्री २,४०,०००. माल ९६,००० वर आला, पण पगार, भाडे आणि वीज-गॅस मिळून १,१५,००० तेवढेच राहिले. कंपनीचे आठ टक्के १९,२००. उरले ९,८००, आणि हप्ता २५,७००. म्हणजे दरमहा १५,९०० खिशातून घालायचे. नीट बघा. विक्री घसरल्यावर भाच्याचा पंधरा हजारांचा फायदा सोळा हजारांच्या तोट्यात गेला, आणि कंपनीच्या प्राप्तीत घट झाली ती फक्त ४,८०० रुपयांची. कारण रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. हा एक मुद्दा ज्याला कळला त्याला अर्धी फ्रँचायझी कळली. शिवाय रॉयल्टीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि गिऱ्हाइकाकडून पाच टक्के कर घेणाऱ्या हॉटेलाला त्याची वजावट मिळत नाही. तो या हिशेबात आम्ही धरलाच नव्हता.

सूनबाई इतका वेळ आतबाहेर करीत होती. ती मेहकरातच शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे डबे करते. बेचाळीस डबे, महिन्याला डब्यामागे दोन हजार. सारा हिशेब शाळेच्या वहीत. तिने दारातूनच विचारले, “मामाजी, बेसन कंपनीकडूनच घ्यायचं का? आणि भाव वाढवला त्यांनी तर?” आम्ही करारनामा उलटून पाहिला. बेसनाचे तयार मिश्रण कंपनीकडूनच, आणि भाव ‘वेळोवेळी कंपनी ठरवील त्याप्रमाणे’. भाचा म्हणाला, “तू मध्ये बोलू नको.” आम्ही म्हणालो, तिलाच बोलू दे. कारण कर्ज तिच्या नावावर काढायचे घाटत होते, आणि बँकेत दाखवायचा स्वहिस्सा कमी पडला तर तिचे दागिने गहाण ठेवायचेही ठरले होते. ही गोष्ट तिला त्या दिवशी प्रथमच समजली. आमच्या घरांत बाईच्या सहीला महत्त्व येते ते कर्जाच्या कागदावर, हे आम्ही कचेरीतही रोज पाहतो.

मग भाऊजींनी चष्मा लावून स्वतः करारनामा वाचायला घेतला. एका कलमावर ते थांबले. दुकानात कंपनीने दिलेल्या चित्रांखेरीज कोणतेही चित्र, फोटो अथवा मजकूर लावता येणार नाही, असे ते कलम. “मंग गल्ल्यामागं काय लावायचं?” त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, “आबा, फोटो घरात आहेच ना.” भाऊजी काही बोलले नाहीत. कागद खाली ठेवून ते अंगणात जाऊन बसले.

या ठिकाणी आमच्यातील काही कार्यकर्ते ताबडतोब मुलाला दोष देतील. आम्ही देणार नाही. बडोद्याला डोक्यावर छप्पर हवे म्हणून बाबासाहेबांनाही दुसरे नाव नोंदवावे लागले होते. पोटासाठी मुलाने कंपनीच्या पाटीआड उभे राहायचे ठरवले तर त्यात लाज त्याची नाही. ज्यांना आडनाव ऐकून भूक उरत नाही, त्यांची आहे. पण आडोशाची किंमत माहीत असावी. येथे ती दरमहा चोवीस हजार होती, आणि पाच वर्षांनी करार संपला की पाटी कंपनीची, गिऱ्हाईकही पाटीचे. मालकाजवळ उरणार ते वापरलेले फर्निचर.

करारनाम्याविषयी आणखी थोडे. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार अधिनियम आणि १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम, यांच्या आधारेच सारे चालते. अमेरिकेत १९७९ पासून नियम आहे की सही करण्याआधी कंपनीने गुंतवणूकदाराला सविस्तर माहितीपत्रक दिलेच पाहिजे. कंपनीवर कोणते खटले चालू आहेत, किती दुकाने उघडली, किती बंद पडली, सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा साधावा, हे सारे त्यात असते, आणि ते वाचायला किमान चौदा दिवस मिळतात. आपल्याकडे अशी सक्ती नसल्याने हे आपणच लेखी मागायचे. वाद झाला तर लवाद कोणत्या शहरात, हेही बघावे. मेहकरच्या माणसाला दिल्लीत लवाद परवडत नाही. आपल्या दुकानापासून किती अंतरात कंपनी दुसरे दुकान देणार नाही, हे किलोमीटरमध्ये लिहून घ्यावे. वैयक्तिक जामीनकी मागितली असेल तर घर त्यात जाते, हे घरातल्या सर्वांना सांगावे.

लॉजची फ्रँचायझी घेणाऱ्यांसाठी एक सरकारी निकाल सांगण्याजोगा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. खोल्यांचे बुकिंग करणाऱ्या संकेतस्थळाने ओयोशी असलेल्या कराराच्या पोटी ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स या साखळ्यांची हॉटेले आपल्या यादीतून काढून टाकली, असे त्यात आयोगाला आढळले. कोणत्या गावातील मालकाने साखळीचे नाव घेऊन खोल्या सजवल्या असतील, कर्ज काढले असेल. त्याच्या खोल्या यादीतून गेल्या त्या दोन परक्या कंपन्यांच्या करारामुळे. त्याला कोणी विचारलेही नाही. खोल्या ज्याच्या, त्याच्या हाती बुकिंगची खिडकी नसेल तर असे होते.

आता आमच्या जिल्ह्यातील परिस्थिती. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे. आमच्या मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून तो जातो. रस्ता आला म्हणजे गिऱ्हाईक आले, हे जुन्या रस्त्यांच्या बाबतीत खरे होते. हा रस्ता बंदिस्त आहे. ठरलेल्या ठिकाणीच चढायचे, ठरलेल्या ठिकाणीच उतरायचे. कडेला कोणाला ढाबा टाकता येत नाही. उलट जी वाहने पूर्वी मेहकरच्या जुन्या रस्त्याला चहाला थांबत, त्यांतली कितीतरी आता वरच्या वर निघून जातात. महामार्गाचा नकाशा दाखवून फ्रँचायझी विकणारे हे सांगत नाहीत. शेगावला यात्रेकरू लाखोंनी येतात हे खरे, पण तेथे मुक्कामाला संस्थानचे भक्तनिवास स्वच्छ आणि स्वस्त आहे. खासगी लॉजवाल्याला त्या दराशी सामना करावा लागतो. लोणारला सरोवर पाहायला माणसे येतात आणि बहुतेक संध्याकाळपर्यंत परततात.

शेगावचीच एक गोष्ट मात्र आशेची आहे. फाळणीनंतर पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. आज ‘शेगाव कचोरी’ची पाटी नागपूर-पुण्यात जागोजागी दिसते. घरदार सोडून आलेल्या माणसाने कोणाचे नाव विकत घेतले नव्हते. रेल्वेगाड्या थांबत आणि कचोरी गरम असे. तरी एक फरक आम्हांला विसरता येत नाही. त्यांना गिऱ्हाईक कोठून आलात ते विचारीत असेल. आमच्या भाच्याला कोणाचे ते विचारतात.

कर्जाबद्दल थोडक्यात. स्टँड-अप इंडिया योजनेचे जुने माहितीपत्रक अजून कोणी ना कोणी घेऊन येतो. ती ५ एप्रिल २०१६ ला सुरू झाली होती. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना दहा लाख ते एक कोटी कर्ज मिळत असे, आणि आपल्या राज्याचे समाजकल्याण खाते नवबौद्धांसह अनुसूचित जातीच्या उद्योजकांना पंधरा टक्क्यांचा हिस्सा देत असे. त्या योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र येथे स्वतः जाऊन चालू योजनांच्या अटी विचाराव्यात. दलालाकडून नव्हे. आणि अनुदान मिळते म्हणून धंदा निवडू नये.

भाच्याला आम्ही एकच काम सांगितले. ज्या कंपनीची पाटी घ्यायची, तिच्या दुसऱ्या गावच्या दुकानासमोर जाऊन बस आणि माणसे मोज. तो शेजारच्या जिल्ह्यात जाऊन सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत बसला. मंगळवारी १४३ गिऱ्हाईक, बाजाराच्या दिवशी १७१. सरासरी बिल चाळीस रुपये. तीन लाखांच्या विक्रीला रोज अडीचशे गिऱ्हाईक लागते. बंद पडलेल्या दुकानांचे पत्ते त्याने कंपनीला लेखी विचारले. उत्तर आले की महिनाअखेर प्रवेशाची रक्कम वाढणार आहे, तेव्हा त्वरा करावी. भाऊजींनी आठ लाख टपाल कचेरीत ठेवले.

भाचा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग तो डबे पोहोचवू लागला. डबे आता साठावर गेले आहेत. बसस्थानकाजवळ एक गाळा आहे, तेथे सकाळी नाश्ता आणि दुपारी डबे असा विचार चालू आहे. अन्न परवान्याच्या अर्जात व्यवसायाच्या नावाचा रकाना होता. भाच्याने तीन-चार नावे सुचवली. सूनबाईने तेथे स्वतःचे नाव लिहिले, आडनावासकट. गाळ्यात गिऱ्हाईक येईल की नाही ते दिसेलच. गाळेमालक भाडे बावीस हजार म्हणतो, आम्ही सोळावर अडलो आहोत. बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांचा जमाखर्च मागितला आहे. त्या शाळेच्या वह्यांवरून खतावणी तयार करायला आम्ही दर रविवारी मेहकरला जातो. दोन वर्षे झाली आहेत, तिसऱ्या वर्षाचा पावसाळा उतरवायचा बाकी आहे.